नाताळच्या प्रथेची 'खरी स्टोरी' फॉरवर्ड करण्याआधी काय तपासायचं

डिसेंबर लागला की सुरू होतं, सांताला लाल कपडे कोकाकोलाने घातले, ख्रिसमस ट्री मुळात कुठल्यातरी प्राचीन देवाचं, वाकड्या दांडीची ती कँडी म्हणजे जीझसचा 'जे'. स्टोऱ्या इतक्या छान असतात की खोटं म्हणवत नाही. मीपण पुढे ढकलल्यात अशा, नाही म्हणत नाही. पण आता एक सवय लावून घेतलीये, फार वेळ लागत नाही.

आधी 'प्राचीन' हा शब्द दिसला की थांबायचं आणि सगळ्यात जुनी लेखी नोंद कधीची ते शोधायचं. ट्रीचंच घ्या ना, थंडीत घरात हिरव्या फांद्या लावायची पद्धत रोमन लोकांतही होती हे खरंय, पण घरात आख्खं झाड आणून सजवायचं याच्या नोंदी १६व्या शतकाच्या आसपास जर्मन बोलणाऱ्या भागात मिळायला लागतात, आणि १६०५ चं स्ट्रासबुर्ग शहरातलं एक वर्णन आहे त्यात झाडाला कागदी गुलाब नि सफरचंदं टांगलेली आहेत. मधली हजारेक वर्षं कुठे गेली? फॉरवर्डवाला ते सांगत नाही.

मग प्रथा कुणी सुरू केली आणि कुणी पसरवली हे वेगळं काढायचं, सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. इंग्लंडमध्ये ट्री राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्टने आणलं म्हणतात, पण त्याच्या आधीच्या काळातल्या राणी शार्लटने १८०० मध्येच विंडसरला लावलं होतं. झालं काय, तर १८४८ मध्ये व्हिक्टोरिया-अल्बर्ट आणि पोरं ट्रीभोवती उभी असल्याचं चित्र छापून आलं आणि सगळ्यांना तसंच हवं झालं. गंमत म्हणजे १८५० मध्ये एका अमेरिकन मासिकाने तेच चित्र घेतलं, राणीचा मुकुट काढला, अल्बर्टची मिशी उडवली, झालं अमेरिकन कुटुंब तयार!

कंपनीचं नाव आलं तर नुसती सालं शेजारी शेजारी ठेवा. कोकच्या त्या फेमस सांताच्या जाहिराती १९३१ पासूनच्या, आणि लाल कपड्यातला सांता त्याआधीच मासिकांच्या कव्हरांवर आहे. गोलमटोल दाढीवाला सांता तर थॉमस नास्ट नावाचा अमेरिकन व्यंगचित्रकार १८६३ पासून काढत होता. विषय संपला.

नाव, गाव, साल तिन्ही मिळत असेल तर जास्त डोकं खाजवू नका. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिसने खरा बैल नि गाढव आणून येशूच्या जन्माचा गव्हाणीचा देखावा केला, १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोलने नाताळचं शुभेच्छा कार्ड छापून घेतलं, असल्या गोष्टी पटकन तपासता येतात.

२५ डिसेंबर मात्र घाईत उरकू नका. रोममध्ये त्या तारखेला नाताळ ३३६ मध्ये होता हे ३५४ च्या एका दिनदर्शिकांच्या संग्रहातून कळतं, आणि त्याच संग्रहात त्याच तारखेला 'अजिंक्य' सूर्याचा दिवसपण आहे. म्हणून एक मत म्हणजे तारीख सूर्याच्या सणावरून घेतली, दुसरं म्हणजे येशूची गर्भधारणा २५ मार्चची धरून पुढे नऊ महिने मोजले. दोन्ही बाजूंचे अभ्यासक आहेत, त्यामुळे 'चर्चने सण चोरला' असं ठासून सांगणारा दिसला की सावध. आणि नाताळ ज्याच्यावरून घेतला म्हणतात तो सॅटर्नेलिया हा रोमन सण १७ डिसेंबरला सुरू होऊन २३ च्या सुमारास आटपायचा, २५ ला नाही.

'एक्समस' (Xmas, म्हणजे ख्रिसमसच) मधला एक्स ख्रिस्ताला गाळायला टाकलाय म्हणतात त्यांना सांगा, ते ख्रिस्ताच्याच ग्रीक नावाचं पहिलं अक्षर आहे.

अजून एक युक्ती, कुठे काय चालायचं हे कळत नसेल तर तिथे बंदी कशावर होती ते बघायचं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ला कायदा केला, नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड, आणि त्यात काम बंद ठेवणं नि मेजवानी करणं ही नावंच घेतलीयेत. म्हणजे लोक नेमकं तेच करत असणार. १६८१ ला कायदा मागे घेतला.