देणगी द्यायची तर पिग्मीसारखी

शहापुरात आमचा सकाळचा वर्ग चालतो. मालिश, थोडी आसनं, आणि श्वासाकडे लक्ष ठेवून सावकाश केलेल्या हालचाली. चाळीसेक जण येतात, त्यातले निम्मे मागावर बसणारे विणकर. मी खजिनदार. त्याआधी बावीस वर्षं गल्लोगल्ली फिरून पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची थोडी थोडी बचत, गोळा केली, त्यामुळे माणसाच्या खिशातून पैसे कधी निघतात आणि कधी नाही, हे मला बरं कळतं.

"काकू, वर्गाला काय देऊ?" असं विचारणाऱ्याला मी आधी खर्चाची वही दाखवते. तुम्हीही कुठे द्यायचं असेल तर आधी वही मागा. आमचं महिन्याचं असं: हॉलचं भाडं ४,०००, शिकवणाऱ्या ताईंचं मानधन ६,०००, लाईट ६००, तेल आणि किरकोळ ९००. झाले ११,५००. तेवीस जणांनी ५०० दिले की भागलं. मग ज्याच्या मागाला काम नाही त्याच्याकडे फी मागावी लागत नाही. नाहीतर तो लाजून यायचा बंद होतो, आणि नेमकी तेव्हाच त्याची पाठ धरलेली असते.

वर्षाचे ६,००० एकदम की दरमहा ५००? हिशेब एकच की! पण एकदम आलेला पैसा हाताला खाज आणतो. एका दिवाळीत आम्ही त्यातून हॉल रंगवला आणि आषाढात भाड्यासाठी वर्गणी काढली. उडुपीच्या ज्या बँकेला पुढे सिंडिकेट बँक नाव मिळालं, तिनं १९२८ साली पिग्मी सुरू केली ती रोजच्या दोन आण्यांवर. ते शहाणपण इथंही चालतं.

वस्तू द्यायची असेल तर मात्र विचारून द्या. एकानं हौसेनं बारा चकचकीत मॅट आणून दिल्या. शहाबादी फरशी, त्यात तेलाचे पाय. पहिल्याच दिवशी एक आजी मॅटसकट घसरत भिंतीपर्यंत गेल्या. लागलं नाही, नशीब. आता आम्ही जुन्या जाड चादरी आणि कांबळी वापरतो. तेलही पुष्कळ जण आणतात, बेसन कुणी आणत नाही. विणकराच्या बोटाला तेल राहिलं तर सुतावर डाग पडतो आणि साडीचा भाव उतरतो. म्हणून मालिश झाली की प्रत्येक जण चिमूटभर बेसन घेऊन बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा चोळून धुतो. महिन्याला दोन किलो लागतं. ते द्या.

पावती मागायला लाजू नका. करात वजावट हवी असेल तर संस्थेकडे त्यासाठीची नोंदणी (जिला ८०जी म्हणतात) आहे का ते आधी विचारा, पॅन द्या, आणि २,००० च्या वरची रक्कम रोख देऊ नका, तिला वजावट मिळत नाही. वस्तूंनाही नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर हा सगळा विषयच सोडा.

भिंतीवर नावाची पाटी मागणाऱ्यांना मी एकच विचारते, "चादरी धुवायला रविवारी येता का?" दोघं खरंच येतात. त्यांची पैशाची देणगी शून्य आहे, आणि वहीत त्यांची नावं मी सगळ्यांत वर लिहिली आहेत.

एक तारखेला सकाळी सहाला मी दारातच वही घेऊन बसते. कमी द्यायचे असतील तर सुट्टे आणा. त्या वेळी शहापुरात पाचशेची मोड कुणी देत नाही.