रॅशनल फंक्शनची कंटिन्युइटी: आधी छेद बघा

अकरावीच्या वर्गात ‘हे कुठे कंटिन्युअस आहे?’ असं विचारून हे फंक्शन फळ्यावर लिहिलं की अर्धी मुलं लगेच लिमिट (क्ष एखाद्या संख्येजवळ सरकताना फंक्शन ज्या किमतीकडे जातं ती) काढायला बसतात:

फ(क्ष) = (क्ष² − ९) / (क्ष² − ५क्ष + ६)

मी म्हणते, पेन खाली ठेवा. बहुपदी सगळीकडे कंटिन्युअस (म्हणजे लिमिट आणि फंक्शनची किंमत एकच) असते आणि दोन बहुपदींचा भागाकार फक्त छेद शून्य होतो तिथे अडतो. म्हणजे डोमेन (क्ष च्या ज्या किमतींना फंक्शनची किंमत निघते त्यांचा संच) काढलं की बहुतेक उत्तर हातात आलं.

छेद शून्याबरोबर मांडा. (क्ष − २)(क्ष − ३) = ०, म्हणून २ आणि ३ बाद. डोमेन: हे दोन सोडून सर्व वास्तव संख्या. या डोमेनवर फंक्शन कंटिन्युअस आहे, वेगळी पडताळणी नको. अंशाचं −३ हे मूळ बाद संख्यांच्या यादीत घालणारं कुणीतरी दरवर्षी असतंच. तिथे फंक्शनची किंमत ० येते, बिघडत काहीच नाही.

आता (क्ष − ३) वर-खाली दिसतो, म्हणून हात शिवशिवतात. डोमेन लिहून होईपर्यंत काहीही छाटायचं नाही! आधी छाटलंत तर (क्ष + ३)/(क्ष − २) उरेल आणि ३ गुपचूप डोमेनमध्ये शिरेल. मूळ फंक्शनला ३ ला किंमतच नाही.

छाटणी करायची ती नंतर, खंड (जिथे फंक्शन तुटतं ती जागा) कुठल्या जातीचा आहे हे पाहायला. ३ जवळ लिमिट ६/१ = ६ येते, म्हणून फ(३) = ६ अशी व्याख्या केली की भोक बुजतं. ‘फ(३) = क आहे; फंक्शन ३ ला कंटिन्युअस असेल तर क ची किंमत काढा’ हा परीक्षेतला लाडका प्रश्न इथूनच येतो. २ चं तसं नाही. २.०१ घातलं तर ५०१ येतात, १.९९ घातलं तर −४९९. तिथे कुठलीही किंमत भरा, सांधा जुळणार नाही.

छेद क्ष² + ४ असेल तर? विवेचक −१६, वास्तव मूळ नाही, फंक्शन सगळीकडे कंटिन्युअस. एका ओळीत संपवा.

‘पेन न उचलता आलेख काढता येतो ते कंटिन्युअस’ ही व्याख्या मला आवडत नाही. १/क्ष चा आलेख काढताना पेन उचलावंच लागतं, तरी आपल्या डोमेनवर ते कंटिन्युअसच आहे. म्हणून प्रश्न कुठल्या संचाबद्दल आहे ते आधी वाचा. वरचंच फंक्शन [४, १०] वर विचारलं तर २ आणि ३ दोन्ही बाहेर, उत्तर ‘कंटिन्युअस’. [०, ४] वर विचारलं तर दोन्ही आत, उत्तर ‘नाही’.

करून पाहा: (क्ष + १)/(क्ष³ − ४क्ष), अंतराल [१, ३]. छेदाची मुळं ०, २, −२. आड येतो तो एकटा २. उत्तरात बाकीचे दोन दिसले तर माझं लाल पेन तयार आहे.