'जेनेसिस ऑफ द डालेक्स' बघायचंय? एका दमात बघू नका, सहा रात्री घ्या

भाचीने नवं 'डॉक्टर हू' (काळात फिरणाऱ्या डॉक्टरची बीबीसीची सायन्स फिक्शन मालिका) बघून संपवलं आणि पंधरा दिवसांपूर्वी फोन केला, मामा आता जुनं बघायचंय पण ते १९६३ पासून आहे म्हणे, कुठून सुरू करू? म्हटलं अगदी पहिल्यापासून नको, तो ब्लॅक अँड व्हाइट डोंगर चढायला घेतलास तर पायथ्याशीच बसशील, सरळ 'जेनेसिस ऑफ द डालेक्स' लाव, डॉक्टरचे कट्टर शत्रू, ते चिलखती कवचात बसलेले डालेक, त्यांच्या जन्माची गोष्ट. मग अर्धा तास जे काही बडबडलो तेच इथे लिहून काढतोय, कारण ही गोष्ट कशी बघायची ते आधी कुणी सांगितलं नाही तर वाट लागते. माझी लागली होती.

आधी थोडं गणित. जुन्या डॉक्टर हू मध्ये एक गोष्ट बहुतेक वेळा चार किंवा सहा भाग चालते, प्रत्येक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा, आणि १९७५ च्या सुमाराला तो दर शनिवारी संध्याकाळी एकच लागायचा. जेनेसिसचे भाग सहा. बीबीसीवर ८ मार्च १९७५ ला पहिला, १२ एप्रिलला शेवटचा. म्हणजे तिकडच्या पोरांनी जी गोष्ट सव्वा महिना पुरवून पुरवून खाल्ली ती मी एका रविवारी दुपारी भरपेट जेवून, पलंगावर आडवा होऊन, एका बैठकीत संपवायला निघालो. चौथ्या भागात घोरत होतो. पुढे दोन वर्षं हात लावला नाही आणि वर चारचौघांत 'फार स्लो आहे यार' असं सांगत फिरलो.

तर रात्रीची जेवणं झाली की एक भाग, बास. कितीही वाटलं तरी दुसरा लावायचा नाही. ही लिहिलीच आहे तशी, प्रत्येक भागाच्या शेवटी कुणीतरी मरायला टेकतं आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला तोच शेवट परत दाखवून मग सुटका होते, सलग बघितलं की नुसतं पकडले, सुटले, परत पकडले असं होऊन डोकं उठतं. दुसऱ्या भागाच्या शेवटी डॉक्टरची सोबतीण सारा रॉकेटच्या बाजूच्या परांचीवरून वर चढत असते, तिचा तोल जातो आणि ती पडतानाच चित्र गोठतं, संपला भाग. पुढच्या भागात कळतं की ती जरा खालच्या फळीवरच पडलीये. लगेच बघितलं तर 'हे काय, फसवलं' असं होतं, मध्ये एक रात्र गेली की त्याच फसवणुकीवर हसू येतं. भाचीचा रात्री अकराला मेसेज आला, 'सारा मेली का???' मी लिहिलं, उद्या.

त्याच वर्षी २७ डिसेंबरला बीबीसीने सहाही भाग कापून जोडून ८५ मिनिटांचा एकच सिनेमा करून दाखवला होता. तो कुठे सापडला तर पहिल्यांदा बघणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. कापलंय ते नुसतं पळापळीचं नाहीये, खोलीत बसून माणसं एकमेकांना हळूहळू विकत असतात ते सगळं पातळ होतं, आणि खरी मजा तर त्यातच आहे.

सुरू करण्याआधी फार काही माहीत असायची गरज नाही. डॉक्टर म्हणजे इथे टॉम बेकर, ही भूमिका करणारा चौथा नट, लांब स्कार्फवाला, त्याची ही चौथीच गोष्ट. सोबत पत्रकार सारा जेन आणि नौदलातला डॉक्टर हॅरी. सुरुवातीलाच एक टाइम लॉर्ड, म्हणजे डॉक्टरच्याच जातीतला एक, येऊन काम सांगतो: पुढे एक दिवस डालेक सगळं विश्व गिळतील असं दिसतंय, तर जिथे ते जन्मले तिथे जा, त्यांचा जन्मच थांबव, नाहीतर निदान त्यांचा जहालपणा कमी होईल असं काहीतरी कर. हातात एक कडं देतो, ते म्हणजे परतीचं तिकीट. नवं बघून आलेल्यांनी डॉक्टरचं कालयान, ती निळी पेटी, शोधत बसू नये, या सहा भागांत ती कुठ्ठेच येत नाही. त्या कड्यावर मात्र नजर ठेवा.

जागा आहे स्कारो नावाचा ग्रह. हजार वर्षं चाललेलं युद्ध, एका घुमटाखाली कालेड, दुसऱ्या घुमटाखाली थाल, आणि दोन्हीकडचं सामान इतकं संपत आलंय की सैनिकांच्या हातात वेगवेगळ्या काळातली हत्यारं दिसतात, ते लक्ष देऊन बघा. आणि कालेड हा शब्द देवनागरीत लिहून बघा. काना मात्रा जिथल्या तिथे ठेवून फक्त क आणि ड ची अदलाबदल करा. डालेक! इंग्रजीत हे अक्षरांचं कोडं वाटतं, आपल्याकडे शेंबडं पोरगंही दोन सेकंदात ओळखेल.

आता डोळ्यांची सवय. पहिल्याच मिनिटाला धुकं, गॅस मास्क घातलेले सैनिक आणि स्लो मोशनमध्ये गोळीबार, हे मुलांच्या वेळेला संध्याकाळी दाखवलं म्हणून टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस बाई खवळल्या होत्या. मग दार उघडून कुणी आत गेलं की चित्र अचानक गुळगुळीत होतं, तुमचा टीव्ही बिघडलेला नाहीये. बाहेरचं शूटिंग फिल्मवर, सरे परगण्यातल्या बेचवर्थच्या दगडखाणीत, आणि आतलं स्टुडिओत व्हिडिओवर, त्या काळी असंच करायचे. दोन भागांनंतर लक्षातही येत नाही. गुहेत मात्र एक राक्षसी शिंपला हॅरीचा पाय धरतो. त्याचा बचाव मी करणार नाही, तेवढ्या वेळात पाणी पिऊन या. पण पाहुण्यांना दाखवताना सुरुवात त्या शिंपल्यापासून करू नका प्लीज, मी केली होती, पाहुणे परत आले नाहीत.

दिवे बंद करायचे ते डॅव्हरोससाठी. कालेडांचा मुख्य शास्त्रज्ञ, खाली डालेकसारखी खुर्ची, वर सुरकुतलेला चेहरा, डोळे गेलेले, एकच हात चालतो. मायकल विशरने हे काम केलंय, आणि मुखवट्यात चेहरा वापरता येणार नाही म्हणून तालमीला तो डोक्यावर कागदी पिशवी घालून बसायचा. त्यामुळे बघताना त्याचा आवाज आणि बोटं धरा. हळू आवाजात, समजावणीच्या सुरात बोलतो आणि मग हळूहळू किंचाळण्यापर्यंत जातो, ती बोटं स्विचवर थरथरतात. शेजारी काळ्या गणवेशात नायडर उभा असतो, पीटर माइल्स, चष्म्याआडून थंडपणे बघणारा, मला तर डालेकपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते. लिहिणारा टेरी नेशन लहानपणी कार्डिफमध्ये महायुद्धाच्या बॉम्बवर्षावात वाढला, ते नाझी थाटाचे गणवेश आणि त्या आपटणाऱ्या टाचा कुठून आल्या हे वेगळं सांगायला नको.

पाचव्या रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, मी सिरियसली सांगतोय. डॉक्टर डॅव्हरोसला विचारतो, समज तू प्रयोगशाळेत असा विषाणू बनवलास की तो बाकी सगळं जीवन संपवेल, तर सोडशील का? आणि डॅव्हरोस लगेच उत्तर देत नाही, विचार करतो, ती कुपी चिमटीत धरल्यासारखी बोटं जवळ आणतो, आणि त्या कल्पनेनेच फुलत जातो. ना स्फोट ना पळापळ, दोन माणसं बोलतायत फक्त. मी त्या रविवारी नेमका इथेही घोरतच होतो.

आवाजाचं एक सांगतो. डालेकांचा आवाज रिंग मॉड्युलेटरमधून, म्हणजे माणसाचा आवाज यंत्रासारखा करणाऱ्या उपकरणातून, काढलेला आहे, जुन्या साउंडमध्ये शब्द कळत नाहीत आणि शेवटी शेवटी तर सगळेच ओरडतात. सबटायटल चालू ठेवा, त्यात कमीपणा नाही. रात्री दहानंतर हेडफोन, नाहीतर वरच्या मजल्यावरचे काका खाली येतात.

सहाव्या भागात डॉक्टर दोन वायरींची टोकं हातात धरून उभा राहतो. टेकवली की डालेकांची अख्खी जात उगवण्याआधीच खलास. आणि तो थांबतो, मला हा अधिकार आहे का असं विचारतो. तिथे पॉज करा. खरंच करा, शेजारी जो कोण असेल त्याला विचारा तू काय केलं असतंस. तो साराला म्हणतो की एखादं मूल पुढे क्रूर हुकूमशहा होणार असं आधीच कळलं, तर तू त्या मुलाला मारशील का? आई माझ्यासोबत बघत बसली होती, इंग्रजी फारसं कळत नाही म्हणून मी वाक्यावाक्याला सांगत होतो. ती म्हणाली, म्हणजे कंसच की. पुढचं कळलं म्हणून देवकीची पोरं आपटली त्याने. मी म्हटलं अगं पण इथे मारायचेत ते राक्षस आहेत. तर म्हणे, कंसालाही तसंच वाटत असेल. मला वीस मिनिटं प्ले दाबता आलं नाही. पुढे काय होतं ते मी सांगणार नाही, डॉक्टरचं स्वतःचं एक उत्तर तयार होत असतं तोवर दारातून कुणीतरी येतं, एवढंच.

डिस्कवर घ्यायचं असेल तर एकट्या गोष्टीच्या डीव्हीडीपेक्षा बाराव्या सीझनचा ब्ल्यू-रे सेट बघा, त्यात आधीची 'द आर्क इन स्पेस' पण मिळते, चार भाग, तीही जबरदस्त. जेनेसिसच्या लगेच नंतरची 'रिव्हेंज ऑफ द सायबरमेन' मात्र दुसऱ्याच दिवशी लावू नका, बिचारी उगाच फिकी वाटते. त्याऐवजी मी भाचीला १९७९ ची 'सिटी ऑफ डेथ' सांगितलीये, पॅरिसमध्ये शूट केलेली, मोनालिसाच्या चोरीची, हसवणारी, टॉम बेकरच पण मूड एकदम वेगळा. भाग चारच आहेत आणि ती एका रात्रीत दोन भाग बघितली तरी चालते.