लिनक्स टाकताना लॅपटॉपची स्क्रीन काळी पडली तर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार (मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट) संपला, आणि जुने लॅपटॉप विंडोज ११ घेत नाहीत. म्हणून आर्णीकडच्या आमच्या गावात भरतीचे फॉर्म भरणारी पोट्टी आता जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकताहेत. चांगली गोष्ट आहे. पण मिंट भरलेला पेन ड्राइव्ह लावून सुरुवातीच्या मेनूत मिंट निवडलं की कधीकधी स्क्रीन काळी होते आणि तिथंच अडते. माझ्या मावसभावाला तालुक्याच्या दुकानात सांगितलं, मदरबोर्ड गेला. बोर्ड धडधाकट होता, घोळ फक्त ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणारी चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा होता. कापसाचे पैसे असे वाया जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

विंडोज चालू आहे तोवर फायली दुसरीकडे उतरवून घ्या. मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स उघडा आणि तिथलं ग्राफिक्स चिपचं नाव कागदावर लिहा. नुसतं इंटेल किंवा एएमडी असेल तर बहुधा काहीच अडणार नाही, कारण त्यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे त्याच्या गाभ्यातच असतात. इंटेलसोबत एनव्हिडियाही दिसलं, तर पुढचं नीट वाचा. बॅटरी पूर्ण भरूनच बसा. इन्स्टॉल अर्ध्यावर असताना लाइन गेली की सगळं पहिल्यापासून.

स्क्रीन काळी झालीच तर आधी मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा. चित्र पुसट दिसलं तर मागचा उजेड बंद आहे, ब्राइटनेसची बटणं दाबून पाहा. काहीच दिसलं नाही तर पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा आणि पुन्हा पेन ड्राइव्हवरून सुरू करा. मेनूत कम्पॅटिबिलिटी मोड निवडा. उबुंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये यालाच सेफ ग्राफिक्स म्हणतात.

तेही नाही जमलं तर मेनूतल्या पहिल्या ओळीवर थांबून ई दाबा. लिनक्स या शब्दानं सुरू होणारी ओळ शोधा. तिच्यात क्वाएट स्प्लॅश असे दोन शब्द दिसतील. त्यांच्यानंतर एक जागा सोडून इंग्रजी लहान अक्षरांत सलग टाइप करा: एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी. मग एफ१०. एनव्हिडियाच्या चिपसाठी लिनक्स सुरुवातीला नूवो नावाचा मुक्त ड्रायव्हर वापरतं, आणि काही चिपवर तो स्क्रीन लावतानाच गोठतो. स्क्रीन लावायचं हे काम कर्नलनं करू नये, असं आपण या शब्दानं सांगतो. चित्र ओबडधोबड आणि संथ दिसेल. इन्स्टॉलपुरतं तेवढं चालतं.

हा बदल एकाच वेळेपुरता असतो, हे बरेच जण विसरतात. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन पुन्हा काळी पडेल. तेव्हा चालू होताच एस्केप, जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट, दाबून मेनू आणा आणि तोच शब्द परत टाका.

डेस्कटॉप दिसला की आधी मिंटमधल्या टाइमशिफ्टमध्ये एक स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची आत्ताची प्रत घ्या. मग एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर टाकायला मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) सुरू करा. वाय-फाय चालत नसलं तरी यानं नेट मिळतं. ड्रायव्हर काहीशे एमबींचा असतो, डेटा शिल्लक ठेवा. ड्रायव्हर मॅनेजर उघडून ज्याच्यापुढे रेकमेंडेड लिहिलंय तोच निवडा. मोठा आकडा म्हणजे चांगला ड्रायव्हर असं नसतं. एनव्हिडियाच्या केप्लर या जुन्या पिढीच्या चिपना ४७० च्या पुढची ड्रायव्हरची मालिका चालतच नाही.

सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त ओळखीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगतील. तो लिहून ठेवा. रीस्टार्ट होताना निळी स्क्रीन येते, तिथं एनरोल एमओके, कंटिन्यू, येस, आणि तो पासवर्ड. घाईत ही स्क्रीन सोडली तर ड्रायव्हर बसूनही चालत नाही. दिवसभराची मेहनत इथंच अडकलेली मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे.

ड्रायव्हर टाकल्यावर स्क्रीन परत काळी झाली, तर पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून टाइमशिफ्टनं मघाचा स्नॅपशॉट परत आणा आणि यादीतला दुसरा ड्रायव्हर टाकून बघा. सगळं नीट चाललं की एनव्हिडियाचा पर्याय ऑन-डिमांडवर ठेवा. साध्या कामाला इंटेल पुरतं, आणि भारनियमनात बॅटरी जास्त टिकते.