लोहाराकडून खुरपे घडवून घेताना

सोलापूर भागात रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि पाठोपाठ खुरपणी येते, म्हणून नवे खुरपे हवे असेल तर गणपतीच्या आधीच लोहाराकडे जावे. उशीर केल्यास घाईचे काम पदरी पडते.

लोखंड आपणच न्यावे. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा भंगारात वजनावर मिळतो. त्यात कार्बन अर्धा टक्का किंवा किंचित अधिक असतो, त्यामुळे तो पाणी, म्हणजे तापवून बुडवल्यावर येणारा कडकपणा, चांगले धरतो. बांधकामाच्या सळईत कार्बन फारच कमी असल्याने तिचे खुरपे दोन दिवसांत बोथट होते. चीर गेलेला पाटा मात्र घेऊ नये.

घडाई लोहारावर सोपवावी, पण पाणी देताना ऐरणीशेजारी उभे राहावे, कारण खुरप्याचे आयुष्य त्याच दोन मिनिटांत ठरते. धारेची बाजू डाळिंबाच्या पिकल्या दाण्यासारखी लाल झाली, म्हणजे सुमारे 800 अंशांना पोचली, की सांडशीत धरून तेवढीच कड बुडवतात आणि पाठ गरम ठेवतात. पातळ पाते पाण्यात तडकण्याची भीती असते, तिथे तेल वापरणे बरे. मग कड दगडावर घासून उजळ केली की पाठीकडची ऊब धारेकडे सरकताना रंग दिसू लागतात : आधी कडब्यासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. पिवळ्यावर थांबवलेली धार कडक असली तरी खड्यावर आपटताच तिचा टवका उडतो. निळ्यावर ती मऊ पडते. खुरप्याला तपकिरी-जांभळ्याच्या सीमेवर, सुमारे 270 अंशांना, पुन्हा बुडवणे योग्य. पाणी देण्याआधीची तापलेल्या धारेची लाली उन्हात नीट ओळखता येत नाही, म्हणून भट्टीवरच्या छपराचा अंधार कामाचा असतो. मी एकदा घाई करून भर दुपारी अंगणातच पाणी द्यायला लावले आणि पहिल्याच वाफ्यात खुरप्याचे टोक गमावले.

मूठ बाभळीची घ्यावी आणि तिच्या तोंडाशी वसवी (धातूचे कडे) घट्ट बसली आहे ना, हे ओढून पाहावे. पूर्वी या कामाचे मोल सुगीला बलुते म्हणून ज्वारीत चुकते होई. आता रोख द्यावे लागते, तेव्हा दर आधीच ठरवावा.

पुढे धार दगडावर पाणी शिंपडतच लावावी. ग्राइंडरवर कड तापून निळी पडली की दिलेले पाणी उतरते आणि पुन्हा भट्टी गाठावी लागते.