जुन्या शेवी ३५० ला कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग टाकताय? या चुका टाळा

इथे मिशिगनमध्ये हिवाळा लागला की गाडी गॅरेजात आणि आपण इंजिनात. माझं इंजिन शेवीचं (शेव्हरोलेचं) ३५०, म्हणजे ३५० घनइंचाचं सोळा व्हॉल्व्हवालं व्ही-८, सत्तरच्या दशकातलं, साधी लोखंडी हेड, घरीच बांधलेलं. १९६७ पासूनचं हे इंजिन असल्याने पार्ट स्वस्त मिळतात, आणि स्वस्त मिळतात म्हणूनच लोक न मोजता ऑर्डर करतात. मीही केली होती.

मुळात ५००० आरपीएमच्या वर इंजिन फडफडलं म्हणजे व्हॉल्व्ह बंद करणारी स्प्रिंगच ढिली असं नसतं. आधी पॉइंट (ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटरमध्ये असतो तो स्विच), कॉइल आणि पेट्रोल पुरतंय का ते बघा. माझ्या एका मित्राने सोळाच्या सोळा स्प्रिंग बदलल्या आणि शेवटी निघाले काय तर पॉइंट, त्यानंतर तो महिनाभर हा विषयच काढू देत नव्हता.

खरी गडबड होते ती उंचीत. स्प्रिंग नुसती "११० पाउंडाची" नसते, ती १.७०० इंचावर ११० पाउंडाची असते. ही उंची म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगच्या बैठकीपासून रिटेनरच्या, म्हणजे स्प्रिंगवरच्या टोपीच्या, खालच्या बाजूपर्यंतचं अंतर. जुन्या हेडची सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) दोनतीनदा ग्राइंड झालेली असते, त्यामुळे व्हॉल्व्ह आत बसतो, दांडी वर येते आणि उंची वाढते, तीही प्रत्येक व्हॉल्व्हची वेगवेगळी. माझ्याकडे एक १.७०५ होता आणि त्याच्या शेजारचा १.७४०. स्प्रिंगचा रेट इंचाला ३५० पाउंड धरला तर या ३५ थाऊत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बारा पाउंडाचा फरक पडतो. म्हणून सोळाही मोजा, वहीत लिहा आणि शिम (स्प्रिंगखाली घालायच्या पातळ चकत्या) टाकून सगळे एका लेव्हलला आणा. शिम १५, ३० आणि ६० थाऊच्या मिळतात.

पण शिम टाकत सुटायचं नाही. समजा स्प्रिंग १.१६० ला पूर्ण दबते, म्हणजे वेटोळ्याला वेटोळं टेकतं. १.७०० मधून ४८० थाऊ लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडतो तेवढं अंतर) गेली की उरले १.२२०, म्हणजे ६० थाऊ जागा, हे ठीक. आता त्याच कॅमवर कोणी हौसेने १.५ ऐवजी १.६ गुणोत्तराचे रॉकर (कॅमची हालचाल तेवढ्या पट करून व्हॉल्व्ह दाबतात ते) लावले की लिफ्ट होते ५१२, उरली २८ थाऊ. त्यात ३० ची शिम टाकली तर संपलंच, पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी दांडी) वाकणार नाहीतर रॉकर धरणारा स्टड उपटणार. आणि या इंजिनाचे बरेचसे स्टड नुसते दाबून बसवलेले असतात. स्प्रिंग कडक झाली की ते हळूहळू वर सरकतात, तुम्ही टॅपेट (व्हॉल्व्हची ढील) सेट करताय, चार दिवसांनी परत टिकटिक, परत सेट करताय. असं व्हायला लागलं की सरळ पट्टी स्टडच्या डोक्यांवर आडवी ठेवून बघा, एखादा वर आलेला लगेच दिसतो. त्याला इलाज एकच, आटे पाडून स्क्रूवाले स्टड बसवा.

रिटेनर खाली येऊन गाईडवरच्या (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीवरच्या) सीलवर आपटत नाही ना तेही बघायचं. हलकी स्प्रिंग लावून व्हॉल्व्ह पूर्ण लिफ्टएवढा दाबा, तरी ५० थाऊ तरी जागा उरली पाहिजे.

आता माझं पाप सांगतो. डबल स्प्रिंग (एकीच्या आत दुसरी) टाकल्या, नवा फ्लॅट टॅपेट कॅम (सपाट बुडाच्या टॅपेटवर घासत चालणारा) टाकला, स्टार्ट केलं आणि "जरा आवाज तर ऐकू" म्हणून आयडलवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी कार्ब्युरेटरमधून फटफट, कव्हर काढून बघतो तर एक एक्झॉस्ट रॉकर जेमतेम हलतोय, लोब (कॅमचा उंचवटा) घासून गोल झालेला! नवा फ्लॅट टॅपेट कॅम असेल तर आतली स्प्रिंग काढून ठेवायची, लोबला लुब्रिकंट चोपडायचं, झिंकवालं ऑईल घालायचं (हल्लीच्या साध्या ऑईलमध्ये झिंक कमी असतं) आणि स्टार्ट झाल्या झाल्या २००० ते २५०० वर वीसेक मिनिटं चालवायचं. आतली स्प्रिंग नंतर.

हेड न काढता स्प्रिंग बदलणार असाल तर प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडा, टोक बाहेर ठेवा आणि पिस्टन वर आणून व्हॉल्व्हला टेका द्या, म्हणजे तो आत पडत नाही. सुतळी नको, तिचे धागे आत राहतात. त्याआधी हेडमधली ऑईल परत जायची भोकं चिंधीने बुजवा. मी नाही बुजवली, एक लॉक (रिटेनरला दांडीवर अडकवणारा छोटा तुकडा) टुणकन उडून आत गेलं, मग ऑईल पॅन काढण्यात अख्खा रविवार गेला. स्प्रिंगला स्क्रूड्रायव्हरने डिवचू नका, तारेवर ओरखडा पडला की तिथूनच ती तुटते.

आणि सगळं नीट बसूनही सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येत असेल तर आधी दांडीवरची छोटी ओ-रिंग (ऑईल अडवणारी रबरी कडी) बघा. ती स्प्रिंग दाबल्यावर, रिटेनर खाली गेल्यावर, लॉकच्या आधी खालच्या खाचेत घालायची असते. आधीच घातली तर रिटेनर तिला कापून टाकतो, आणि वरून बघताना ती जागेवरच असल्यासारखी दिसते.