मासेमारीचा बारीक ब्रेडेड दोरा घेताना आणि वापरताना या चुका टाळा

दिवाळी सरून तापीचं गढूळ पाणी निवळलं की हतनूरपासून प्रकाशापर्यंत काठाकाठाला रॉड घेतलेली पोरं दिसू लागतात. मग ब्रेडसाठी, म्हणजे बारीक धागे विणून केलेल्या दोऱ्यासाठी, फोन सुरू होतात. "काका, ब्रेड घ्यायचाय, कुठला मजबूत?" जाडी किती हवी असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "एकदम बारीक, पण चाळीस पाउंडाचा." (पाउंड म्हणजे दोरा किती ताण सोसतो तो आकडा.) हे उत्तर दोऱ्याच्या पाकिटावरून पाठ झालेलं असतं. दोऱ्याबद्दलचा निम्मा गोंधळ या पाकिटापासूनच सुरू होतो, म्हणून आधी तोच विषय घेतो.

पाकिटावरची जाडी खरी मानणं

वाघूर धरणाच्या भिंतीवर गेल्या हिवाळ्यात दोन मित्रांमध्ये पैज लागली. एकाकडे आठ पदरी, पीई १ चा, २० पाउंडाचा दोरा होता (पीई हे ब्रेडच्या जाडीचं माप). दुसऱ्यानं ऑनलाइन अर्ध्या किमतीत मागवलेला होता, पाकिटावर ०.१४ मिमी आणि ४० पाउंड छापलेलं. दोघांनी आपापला दोरा दुसऱ्याच्या दोऱ्यात अडकवला, हातांना फडकी गुंडाळली आणि ओढला. पीई १ चा दोरा तुटला. "हाऊ दोरा तुटाव नई भो!" म्हणत स्वस्तवाल्यानं तो सगळ्यांना दाखवला आणि आठवड्याभरात त्याच्या गटातल्या बहुतेकांनी तोच मागवला.

होळीच्या सुमारास तक्रारी यायला लागल्या. फ्रॉग, म्हणजे बेडकाच्या आकाराचं नकली आमिष, मरळीच्या बुडबुड्यांपर्यंत पोचत नाही, दीडशे मीटरचा दोरा रीलच्या चकरीत मावत नाही, वारा असला की मधेच फुगा धरतो. पोरं रीलला दोष देत होती, एकानं तर रॉडही बदलला. मी दोन्ही दोऱ्यांचे दहा-दहा मीटरचे तुकडे कापून घेतले आणि जळगावच्या सराफ्यात ओळखीच्या दुकानात नेले. तिथला काटा मिलिग्रॅम दाखवतो. पीई १ चा तुकडा भरला २३१ मिलिग्रॅम. ०.१४ मिमी म्हणून विकलेला भरला ४९०.

आता यामागचं गणित बघा. पीई १ म्हणजे जपानी मोजमापात २०० डेनियर. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. म्हणजे पीई १ च्या दहा मीटरचं वजन २२२ मिलिग्रॅमच्या आसपास हवं. वरचा थोडा फरक रंगाचा आणि लेपाचा. दुसरा दोरा ४९० भरला, म्हणजे तो पीई २ पेक्षाही जाड होता. खऱ्या ०.१४ मिमीचा दोरा पीई ०.७ च्या आसपास बसतो. त्याची ४० पाउंडाची ताकद खोटी नव्हती, जाडी खोटी होती. दुप्पट वजनाच्या दोऱ्यानं बारीक दोरा तोडला, यात मजबुतीचं काहीच सिद्ध झालं नाही.

ब्रेड कुठल्याही कंपनीचा असो, आतला धागा बहुतेक एकाच जातीचा, म्हणजे फार लांब साखळीचं पॉलिएथिलीन. डायनिमा आणि स्पेक्ट्रा ही त्याचीच व्यापारी नावं. हा धागा प्रत्येक डेनियरमागं साधारण ३५ ते ४५ ग्रॅम ताण सोसतो. ०.१४ मिमीच्या दोऱ्यात जेमतेम १४० ते १४५ डेनियर धागा असतो, म्हणजे फार तर साडेसहा किलो, चौदाएक पाउंड. ४० पाउंड म्हणजे अठरा किलो. तेवढं बळ त्या जाडीत येणारच नाही, मग पाकिटावर काहीही छापा.

व्हर्नियर कॅलिपरनं जाडी मोजून वाद घालणारेही भेटतात. ब्रेड मऊ असतो, जबड्यात चपटा होतो, जेवढं दाबाल तेवढं बारीक माप येतं. त्यापेक्षा वजन करा. सराफ ओळखीचा असेल तर तो नाही म्हणणार नाही, दोन मिनिटांचं काम आहे. दहा मीटरचे मिलिग्रॅम भागिले २२२, जो आकडा येईल तो तुमच्या दोऱ्याचा खरा पीई. नवा दोरा या काट्यावर ठेवल्याशिवाय मी चकरीत भरत नाही.

दोन दोरे एकमेकांत अडकवून ओढणं

त्या पैजेतली दुसरी चूक ही. दोन ब्रेड एकमेकांवर घासले की करवतीसारखं काम होतं. पॉलिएथिलीन साधारण १५० अंशांच्या अलीकडंच वितळतं, आणि घर्षणाची उष्णता एका बिंदूवर साचली की तिथला धागा आधी मऊ पडतो, मग कापला जातो. जो दोरा एकाच जागी घासला जातो तो हरतो, जो सरकत राहतो तो जिंकतो. असल्या निकालावर पैसे घालवू नका.

ताकद बघायचीच तर लटकवायचा डिजिटल काटा घ्या. एक टोक गुळगुळीत पाइपावर सात-आठ वेढे देऊन बांधा, म्हणजे ताण गाठीवर न येता वेढ्यांवर विरतो. दुसऱ्या टोकाला काट्याच्या हुकाभोवतीही तसेच वेढे. हळूहळू ओढा, झटका देऊ नका. हा झाला बिनगाठीचा आकडा. मग तोच दोरा तुम्ही नेहमी मारता त्या गाठीनं बांधून पुन्हा ओढा. मासा बिनगाठीच्या दोऱ्याला लागत नाही, त्यामुळं मी दुसऱ्या आकड्यावरच विश्वास ठेवतो. डोळ्यांना चष्मा लावा, तुटताना टोक सपकन परत येतं.

आणि दोरा ओला करून तपासा, विशेषतः तंगूसशी तुलना करायची असेल तर. तंगूस, म्हणजे नायलॉनचा न विणलेला एकसंध दोरा, पाणी पितो आणि ओला झाला की ताकद गमावतो. ब्रेडचा धागा पाणी पीत नाही, विणीत अडकतं तेवढंच. कोरड्या दुकानात दोन्ही ओढून बघणारा तंगूसला फुकटचे गुण देतो.

तुटलेलं टोक न बघता दोऱ्याला शिव्या घालणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त चिडतो. दोरा तुटला की पोरगं राहिलेला दोरा गुंडाळतं, टोक नखानं तोडतं, नवा गळ बांधतं आणि "दोरा बोगस निघाला" म्हणून मोकळं होतं. अरे, काय झालं ते त्या टोकावरच लिहिलेलं असतं. ते तोडून टाकल्यावर कोणाला काय विचारणार?

टोक उजेडात धरा. डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं आणि लांबीला जवळपास पूर्ण असेल तर दोरा तुटलेलाच नाही, गाठ सरकली. ब्रेड निसरडा असतो. तंगूसला चालणारी साधी पिळाची गाठ त्याच्यावर धरत नाही. पालोमर बांधा, किंवा दुहेरी दोऱ्यानं युनी. टोक पिंजलेल्या कापसासारखं, वेगवेगळ्या लांबीचे पदर लोंबणारं असेल तर दोरा घासून गेला. मग मागचा हातभर दोरा नखांमधून ओढा, खरखर लागते तिथपर्यंत कापून टाका. टोक सुरीनं छाटल्यासारखं सरळ असेल तर दगडाची धार, माशाचा दात, किंवा रॉडची एखादी कडी टवका उडालेली. कडीतून कापसाचा बोळा फिरवा, टवका असेल तिथं कापूस अडकतो.

दोरा गाठीपासून दूर, मधेच, जोर नसताना तुटला तर फेकताना आपोआप पडलेल्या बारीक गाठीवर संशय घ्या. अशी एक साधी गाठ ब्रेडची ताकद निम्म्यावर आणते, कधी त्याहूनही खाली. ती पडते कारण चकरीवरचा दोरा सैल असतो. सैल का? नवा दोरा भरताना ओल्या फडक्यात चिमटीत धरून ताणत भरला नाही म्हणून. घाईत भरलेली चकरी महिनाभर त्रास देते, तरी लोक दहा मिनिटं वाचवतात.

हतनूरच्या फुगवट्यात एका तरुणाचा मोठा शिंगाळा गेला तेव्हा मी शेजारीच होतो. चांगला पीई १.५ चा दोरा, गाठही पालोमर. मासा पहिल्या धावेतच सुटला. त्यानं रागानं सगळा दोरा उपसून फेकायला काढला. मी टोक मागितलं. गाठीच्या अगदी वर धागा चकाकत होता, चिमटीत धरला तर कडक, काडीसारखा. गाठ कोरडी आवळली होती, तीही एका झटक्यात. घर्षणानं तिथला धागा भाजला होता. त्याला तीच गाठ तोंडातल्या लाळेनं ओली करून हळू आवळायला लावली. तोच दोरा, तोच गळ. संध्याकाळी त्यानं दुसरा शिंगाळा काढला, पहिल्याएवढा नाही, पण तो काठापर्यंत आला.

ताकद म्हणजेच टिकाऊपणा समजणं

आपल्याकडचं पाणी मऊ नाही. धरणाच्या भिंतीचं पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेलं दगडी अस्तर, काळ्या बेसाल्टचं, फोडलेल्या दगडाच्या कडा धारदार. फुगवट्यात बुडालेल्या बाभळींचे खुंट. वर पावसाळ्यानंतर तापीचा गाळ, तो विणीत शिरून आतून पदर खातो. इथं पाउंडांचा आकडा फारसा उपयोगी पडत नाही.

सारख्या वजनाचे चार पदरी आणि आठ पदरी दोरे घेतले तर आठ पदरी गोल, गुळगुळीत, कडीतून आवाज न करता जातो आणि लांब पडतो. पण त्याचा एकेक पदर बारीक, त्यामुळं दगडावर तो लवकर पिंजतो. चार पदरीचा पदर जाड, तो जास्त तग धरतो आणि स्वस्तही असतो. दुकानात सरसकट आठ पदरी चांगला म्हणून माथी मारतात. मोकळ्या पाण्यात ते ठीक. पिचिंगवरून रोहू-कटल्यासाठी बसणार असाल तर माझं मत चार पदरीला.

घरी माझ्याकडे पिचिंगचा एक दगड आहे. दोऱ्याला अर्धा किलोचं वजन लटकवून, ओला करून, त्याच्या एकाच कडेवर पुढं-मागं घासतो आणि कितव्या फेरीला तुटतो ते वहीत लिहितो. आकडा प्रयोगशाळेचा नाही, दगड बदलला की बदलेल. पण एका दगडावर दोन दोऱ्यांची तुलना होते, आणि बारीक ब्रेड एका धारेवर किती पटकन जातो हे नवख्याला एकदा डोळ्यांनी दिसलं की पुढं लीडरसाठी भांडावं लागत नाही.

लीडर म्हणजे ब्रेडच्या पुढं जोडलेला दीड-दोन वावाचा जाड तंगूस किंवा फ्लुरोकार्बन. "जोडगाठीत वेळ जातो, सरळ गळ बांधतो" हे ऐकलं की मला पुढचं बोलावंसं वाटत नाही. पिचिंगवर मी ०.४० मिमीच्या खाली लीडर लावत नाही. जोडायला एफजी गाठ उत्तम, हात बसला नसेल तर डबल युनी चालेल. एफजी घरी शिका, वाऱ्यात काठावर नाही. वेलीत, गवतात मरळीसाठी फ्रॉग टाकताना मात्र लीडर नको. तिथं जाड ब्रेड, पीई ३ किंवा ४, थेट गळाला. बारीक दोऱ्याचा हट्ट तिथं सोडा.

बाकीच्या, थोडक्यात

चकरीवर ब्रेड थेट बांधू नका, सगळा थर गोल सरकतो. आधी चार वेढे तंगूसचे.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की रील ज्या ताणाला दोरा सोडतं तो, दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर. तंगूस चांगला पंचवीस टक्क्यांपर्यंत ताणला जातो, ब्रेड तीन-चार टक्के. सगळा झटका गाठीवर जातो.

अडकलेला दोरा हाताला गुंडाळून ओढू नका. बोट हाडापर्यंत कापतं. काठीच्या तुकड्याला वेढे द्या.

रंग उडाला म्हणजे दोरा गेला, हा गैरसमज आहे. रंग वरच्या वर असतो. दोरा गेला की नाही ते नख सांगतं.

भुसावळच्या मे महिन्यात रील गाडीच्या काचेखाली ठेवू नका.

कापलेले तुकडे काठावर टाकू नका. हा धागा कुजत नाही, आणि हतनूरला हिवाळ्यात बाहेरून आलेले पक्षी त्याच गाळात चरतात. खिशात डबी ठेवा. आणि धरणात मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेकडे असतो, बसायच्या आधी विचारा.

हंगाम संपला की दोरा फेकू नका, उलटा करा. झिजतो तो पुढचा तीस-चाळीस मीटरचा भाग, आतला कोराच असतो. गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून गाळ काढायचा, सावलीत वाळवायचा, दुसऱ्या चकरीवर ताणून घ्यायचा म्हणजे आतलं टोक बाहेर येतं. उलटा केल्याची तारीख मी चकरीवर चिकटपट्टी लावून लिहितो, आणि दुसऱ्यांदा उलटवायची वेळ आली की तो दोरा बदलतो.